आयकॅप्स: इस्पितळाऐवजी घरी मिळणारे मानसोपचार कसे आहेत?

आत्महत्येचा प्रयत्न, घरात मारहाण-तोडफोड, शाळा कायमची बंद पडलेली, इमर्जन्सीच्या वाऱ्या चालूच. अशा मुलांसाठी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात घरी येऊन मानसोपचार करणारी आयकॅप्स (IICAPS) ही सेवा आहे. न्यू हेवनच्या येल चाइल्ड स्टडी सेंटरने १९९० च्या दशकात ती घडवली. आता राज्यभर निरनिराळ्या संस्था ती चालवतात, त्यामुळे पद्धत एक असली तरी दर्जा बराचसा तुमच्या वाट्याला आलेल्या टीमवर ठरतो.

टीम दोघांची असते: पदव्युत्तर शिक्षण झालेला एक क्लिनिशियन (मानसोपचार करणारा) आणि एक पदवीधर समुपदेशक. आठवड्याला साधारण ४ ते ६ तास, अंदाजे ६ महिने. एक जण आईवडिलांशी बोलतो तेव्हा दुसरा मुलाजवळ असतो, ही सोय फार मोठी आहे. दर आठवड्याला ही जोडी मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञासमोर केस मांडते.

खरं बळ आहे ते ‘मुख्य प्रश्न’ नेमका लिहिण्यात. कोणत्या वागण्यामुळे मुलाला इस्पितळात न्यायची वेळ येते? ‘फार रागीट आहे’ हे उत्तर उपयोगाचं नाही. ‘फोन काढून घेतला की आईवर हात उचलतो, आठवड्यातून तीनदा’ असं लिहिलं तर पुढे मोजता येतं. मग तो प्रश्न कशावर पोसला जातोय ते चार ठिकाणी शोधतात: मूल, कुटुंब, शाळा आणि भोवतालची परिस्थिती. गोळ्या चुकतात का, आई नाही म्हणते ते बाबा देतात का, वर्गात वाचता न येण्याची लाज आहे का, घरभाडं थकलंय का. प्रत्येक कामाचा धागा मुख्य प्रश्नाशी जोडून दाखवायला टीमला सांगा. तो जुळत नसेल, तर भेटी नुसत्या गप्पांत जातात.

सुरुवातीला कुटुंबवृक्ष काढतात. आपली माणसं इथेच अडखळतात. काकांची आत्महत्या, आत्याचे ‘झटके’ कुणी सांगत नाही. पण घराण्यात बायपोलर आजार असेल, तर नैराश्यावरची औषधं जपून द्यावी लागतात; काही मुलांमध्ये त्यांनी उन्माद (मॅनिया) उसळू शकतो. हे लपवू नका.

सुरक्षेचा आराखडा पहिल्याच भेटींत हवा. सगळ्यांची औषधं कुलपात, आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्यासुद्धा. सुऱ्या, ब्लेड, दोऱ्या हाताशी नकोत. संकटात टीमला रात्रीही फोन करता येतो, पण जिवाला धोका असेल तर ९११ हा आणीबाणीचा नंबरच. मधल्या अवस्थेसाठी २११ या नंबरवर मुलांचं फिरतं संकटपथक मिळतं.

शाळेच्या बाजूला सर्वाधिक वेळ वाया जातो. माहिती देण्याच्या संमतीपत्रावर तुमची सही नसेल, तर टीम शिक्षकांशी बोलूच शकत नाही. ते पहिल्याच आठवड्यात उरका आणि विशेष शिक्षणाच्या ‘पीपीटी’ बैठकीला, म्हणजे मुलाला शाळेत कोणती मदत द्यायची ते ठरवणाऱ्या बैठकीला, टीमला बरोबर न्या.

फसतं कुठे? पालक मुलाला टीमच्या हवाली करून स्वयंपाकघरात जातात तिथे. बदल मुख्यतः मोठ्यांच्या वागण्यात घडवायचा असतो, त्यामुळे बाबा भेटींना नसतील तर अर्धी मेहनत पाण्यात जाते. दुसरी अडचण, मधेच समुपदेशक नोकरी सोडतो. नव्याची ओळख जुन्याच्या हजेरीतच करून द्या, असा आग्रह धरा. तिसरी आणि सगळ्यात मोठी म्हणजे शेवट. सहा महिन्यांनी सेवा थांबते आणि नेहमीच्या थेरपिस्टकडे प्रतीक्षायादी असते. चौथ्या महिन्यातच नाव लावा. औषधं पुढे कोण लिहिणार तेही ठरवून घ्या. सुरुवातीला आणि शेवटी मुलाचा त्रास मोजणारी ओहायो स्केल्स नावाची प्रश्नावली भरतात. दोन्हींचे आकडे मागून घ्या, पुढच्या डॉक्टरला उपयोगी पडतात.

पैशांचं म्हणाल तर हस्की, म्हणजे राज्याचं मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्यविमा), खर्च देतं. खासगी विमा असेल, तर तो खर्च देईल हे लेखी घेतल्याशिवाय सही करू नका.

घरात इंग्रजी न येणारी आजी असेल, तर मराठी दुभाषा मागा. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेने तो मोफत द्यायचा असतो. मुलालाच दुभाषा करू नका: स्वतःबद्दलच्या तक्रारी त्यानेच आजीला समजावून सांगायच्या, हे त्याच्यावर लादू नये.