दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरहून: मालवण–आंबोली की बदामी–हंपी?

दिवाळीचा फराळ संपत आला की घरात चर्चा सुरू होते: मुलांना घेऊन चार-पाच दिवस जायचं कुठं? कोल्हापूरला तीन दिशा खुल्या आहेत. घाट उतरून कोकण, संकेश्वरहून पूर्वेला वळून बदामी–हंपी, नाहीतर महामार्गाने सातारा–महाबळेश्वर. बघण्यासारखं तिन्हीकडे इतकं आहे की ठिकाणांच्या याद्या शेजारी ठेवून काहीच ठरत नाही. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा. गाडीतला सगळ्यात लांबचा दिवस किती किलोमीटरचा आहे? आणि बॅगा किती वेळा भरायच्या आहेत? शाळकरी मुलांच्या सहली बिघडतात त्या याच दोन ठिकाणी.

| | मालवण–आंबोली | बदामी–हंपी | वाई–महाबळेश्वर |
|---|---|---|---|
| एकूण रनिंग (अंदाजे) | ४५० किमी | ८५० किमी | ४२० किमी |
| रात्री | ४ | ५ | २ ते ३ |
| सगळ्यात लांब दिवस | पहिला, १६० किमी, घाटासह | पहिला, २५० किमी (पाचवी रात्र वाचवली तर शेवटचा, ३५०) | १८० किमी |
| मुलांचं वय | कुठलंही | पाचवी-सहावीच्या पुढे | कुठलंही |
| टाळायचा काळ | जून ते सप्टेंबर | मार्च ते मे | सलग सुट्टीचे दिवस |

इंधनाचा हिशेब सोपा आहे. गाडी लिटरला पंधरा देत असेल तर कोकणाला तीस लिटर, हंपीला सत्तावन्न. पण खर्चातला खरा फरक हॉटेलात पडतो. मालवण–तारकर्लीत पाडव्यापासून पुढच्या रविवारपर्यंत मुंबई-पुण्याची गर्दी असते आणि खोल्यांचे दर चढलेले असतात. शाळेची सुट्टी त्यानंतरही शिल्लक असेल तर सोमवारी निघा. तीच खोली स्वस्त मिळते आणि जेवणाला रांग नसते.

कोकणची फेरी: फोंड्याने उतरा, आंबोलीने चढा

कोल्हापूर–राधानगरी–दाजीपूर–फोंडा–कणकवली–मालवण हा उतरायचा रस्ता, आणि वेंगुर्ला–सावंतवाडी–आंबोली–आजरा हा परतीचा. गगनबावड्याहून करूळ घाटानेही उतरता येतं, पण त्याचा उतार जास्त आहे, आणि दरडी व दुरुस्तीमुळे तो बंद असण्याची वेळ बऱ्याचदा येते. फोंड्याच्या रस्त्याला राधानगरी धरण लागतं. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं हे धरण, त्याचे दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. ते कसं होतं हे मुलांना तिथेच उभं करून सांगा. पुढे दाजीपूरचं जंगल गव्यांचं आहे. पहाटे आणि तिन्हीसांजेला गवा रस्त्यावर येतो, म्हणून हा पट्टा उन्हातच पार करावा. कुठलाही घाट धरा, निघायच्या आदल्या दिवशी तो चालू आहे की नाही याची चौकशी करा.

घाटात पोरांना गाडी लागते, त्याचं कारण पोटापेक्षा डोळ्यांत आहे. मोबाइलवर नजर खिळलेली असताना डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत, आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण वळतोय. हा गोंधळ झाला की मळमळतं. म्हणून राधानगरी सोडली की मोबाइल आणि पुस्तक दोन्ही बंद, नजर समोरच्या रस्त्यावर, काच थोडी खाली. सकाळी मिसळ खाऊन घाट उतरणं हा हमखास उलटीचा मार्ग. इडली किंवा कोरडी पोळी द्या. मागची तिसरी रांग सगळ्यात जास्त झोके खाते, तिथे सामान ठेवा. चालवणाऱ्याने उतारावर दुसरा गिअर धरून ठेवावा. सतत ब्रेक दाबला तर तो तापून पकड सोडतो, आणि दर वळणाला बसणारा झटका मुलांच्या पोटात जातो.

मालवण किंवा तारकर्ली, दोन्हीपैकी एकाच ठिकाणी सलग तीन रात्री राहा. अंतर सात-आठ किलोमीटरचं आहे, त्यासाठी हॉटेल बदलू नका. सिंधुदुर्ग किल्ला पहिल्याच सकाळी करा. चौथीत शिवचरित्र वाचलेल्या मुलांना १६६४ साली समुद्रातल्या कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला का घेतला हे धक्क्यावरून समोर बघितलं की कळतं. आत महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरींत गोडं पाणी आहे. तटावर सावली नाही. अकराच्या आत परत बोटीत बसलात तर पोरं कुरकुरत नाहीत.

समुद्रात कधी उतरायचं हे हॉटेलवाल्याच्या सोयीने नको, तिथीने ठरवा. कोकणात जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची साधारण वेळ येते. अष्टमीला सहा वाजता, भाऊबीजेला, म्हणजे द्वितीयेला, दीडच्या सुमारास. दिवाळीत ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, म्हणजे पुढचे दोन-तीन दिवस उधाणाचे. दुपारी दीडला भरती संपली की पाणी संध्याकाळपर्यंत बाहेर ओढतं, आणि नेमकं चार वाजता सगळं कुटुंब पाण्यात उतरतं. त्या दिवसांत सकाळी आठ ते अकरा पाण्यात खेळा आणि संध्याकाळी वाळूत किल्ले करा. अष्टमीच्या आसपास गेलात तर ओढ मुळातच कमी असते आणि संध्याकाळी सहाला भरती, म्हणजे दुपारनंतरचं पाणी आत येणारं. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम बोटीतूनच बघावा. तिथे नदीचा प्रवाह आणि ओहोटी एकाच दिशेला ओढतात, गुडघाभर पाण्यातही मुलांचे पाय सुटतात.

लाइफ जॅकेट मुलाला घालून बक्कल लावा आणि दोन्ही खांद्यांना धरून वर उचला. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठ्या माणसाचं आहे. पाण्यात पडल्यावर जॅकेट वर तरंगेल आणि पोर खाली. लहान मापाचं मागा, नसेल तर ती बोट सोडा. स्कूबाला साधारणपणे दहा वर्षांच्या खाली घेत नाहीत, आणि घेणारा भेटला तरी नको म्हणा. लहानांना स्नॉर्कलिंग पुरेसं आहे. सर्दी असलेल्या मुलाला पाण्याखाली पाठवू नये, कारण नाकातून कानाकडे जाणारी नळी चोंदलेली असते, दाब सारखा होत नाही आणि कान ठणकतो. ऑक्टोबरात पाऊस लांबला असेल तर पाणी गढूळ असतं आणि पैसे देऊन हिरवा धूसर पडदाच बघायला मिळतो. स्वच्छ पाणी डिसेंबर-जानेवारीत. स्कूबा हेच मुख्य आकर्षण असेल तर नाताळची सुट्टी बरी.

चौथी रात्र आंबोलीला. वाटेत सावंतवाडीत लाकडी खेळण्यांची दुकानं आणि राजवाड्यातली गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, दीड तास पुरे. आंबोलीचा धबधबा दिवाळीत बारीक झालेला असतो, त्याच्यासाठी जाऊ नका. हिरण्यकेशीच्या उगमाशी जा. कृष्णेच्या खोऱ्यात जाणारी ही नदी गुहेतल्या एवढ्याशा झऱ्यातून निघते, आणि इथल्या एका छोट्या माशाला तिचंच नाव दिलेलं आहे. घाट पाचच्या आत चढा, नंतर धुकं उतरलं की समोरची गाडी दिसत नाही. दुसऱ्या दिवशी कोल्हापूर ११५ किमीच्या आसपास, म्हणजे जेवायला घरी. या फेरीची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच.

बदामी–हंपी: जास्त देणारी, जास्त मागणारी

संकेश्वरहून गोकाक, यरगट्टी, लोकापूर करत बदामी २५० किमीच्या आत-बाहेर. वाटेत घटप्रभेवरचा गोकाकचा धबधबा आहे. नोव्हेंबरपर्यंत पाणी उतरलेलं असतं, पण पाय मोकळे करायला जागा उत्तम. बदामीत दोन रात्री, हंपीजवळच्या होस्पेटला दोन आणि परतीच्या वाटेवर एक. ही पाचवी रात्र लोक वाचवतात आणि तिथेच फसतात. होस्पेट ते कोल्हापूर ३५० किमी म्हणजे जेवणखाण धरून आठ तास, दुसऱ्या दिवशी शाळा. हुबळी-धारवाडला किंवा बेळगावात थांबा. होस्पेट–गदग रस्त्यावर लक्कुंडीला काशीविश्वेश्वराचं मंदिर आहे. हंपीच्या भव्यतेनंतर त्याचं बारीक नक्षीकाम जवळून बघायला मुलांनाही आवडतं.

बदामीत सकाळी लवकर लेणी. चारही लेणी एकाच पायऱ्यांच्या वाटेवर आहेत, म्हणून पोरं दमत नाहीत. पहिल्यात अठरा हातांचा नटराज आहे, हात मोजायला लावा. तिसऱ्यात शके ५०० म्हणजे ५७८ सालचा लेख आहे. माकडं मात्र धीट आहेत. चिवड्याची पिशवी, पाण्याची बाटली, रंगीत टोपी काहीही ओढून नेतात, तेव्हा खाऊ गाडीतच ठेवा. दुपारी बनशंकरीला, पाच किलोमीटरवर, देवळाबाहेर बायका ज्वारीची भाकरी आणि भाज्या विकतात. कोल्हापूरच्या जिभेला ते घरचं वाटतं. पट्टदकलला उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची शिखरं एकाच आवारात शेजारी उभी आहेत, फरक मुलाला बोटाने दाखवता येतो. ऐहोळे बारा वर्षांखालच्यांसाठी गाळलं तरी चालेल. इतिहासाची आवड असेल तर मात्र मेगुतीची टेकडी चढा. चालुक्य राजा पुलकेशीच्या ६३४ सालच्या लेखात तीन महाराष्ट्रकांचा, म्हणजे महाराष्ट्राच्या तीन भागांचा, उल्लेख आहे तो तिथे.

हंपीत चूक होते ती सगळं एका दिवसात उरकण्याची. खडक दुपारी तापतात आणि चार वाजेपर्यंत उष्णता सोडत राहतात. पहिल्या सकाळी उघडताच विठ्ठल मंदिर. पार्किंगपासून बॅटरीवरच्या गाड्या आत नेतात, उशीर केला तर तिथे रांग लागते. पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ हाच, नोट सोबत ठेवा. मग गजशाळा आणि लोटस महाल, बारा ते चार हॉटेल, संध्याकाळी हेमकूट टेकडी. सूर्यास्तासाठी मातंग टेकडी लहान मुलांना घेऊन नको, उतरताना अंधार होतो. दुसऱ्या दिवशी विरूपाक्ष, पुष्करणी, आणि पाणी बेताचं असेल तर गोल टोपलीच्या होडीतून फेरी. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी पंधरा वर्षांखाली तिकीट नाही, पण शाळेचं ओळखपत्र जवळ असावं. कमलापूरचं संग्रहालय शुक्रवारी बंद.

गाडी चालवायला एकच माणूस असेल तर रेल्वेचा विचार करा. कोल्हापूर–तिरुपती हरिप्रिया एक्सप्रेस होस्पेटला थांबते. बदामी गाळून नुसती हंपी तीन रात्रींत आरामात होते. रस्त्याने जाताना १ नोव्हेंबर मध्ये येत असेल तर बेळगाव शहरात शिरू नका, त्या दिवशी राज्योत्सवाच्या मिरवणुका असतात.

आणि महाबळेश्वर?

सुट्टी तीनच दिवसांची असेल किंवा सोबत आजी-आजोबा असतील तर. थंड हवा आणि दऱ्या पन्हाळ्यावर वाढलेल्या पोरांना नव्या नाहीत. प्रतापगड, मेणवलीचा नदीकाठचा घाट आणि पाचगणीचं टेबललँड हेच वेगळं. कासची फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरातली, दिवाळीत ती ओसरलेली असतात. स्ट्रॉबेरी डिसेंबरात सुरू होते. सलग सुट्ट्यांत पसरणीचा घाट तुंबतो, म्हणून साताऱ्याहून मेढ्याच्या बाजूने चढा.

धाकटं पहिली-दुसरीत असेल तर कोकण, विचारच नको. थोरलं सातवीत, धाकटं तिसरीत असं घर असेल तर भांडण होणारच. तरी कोकणच घ्या आणि हंपी दोन वर्षं मागे ठेवा. दोघंही पाचवीच्या पुढे, गाडीला दोन चालक आणि सुट्टी सहा दिवसांची, तर हंपी सोडू नका.

दोन्ही रस्त्यांना लागू असलेली एक गोष्ट: दिवाळीनंतर कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला असतो. निपाणी, गडहिंग्लज, संकेश्वर, गोकाक या पट्ट्यात उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात, मागे दिवा नाही, बाहेर आलेला ऊस अर्धा रस्ता अडवतो. समोरून येणाऱ्याच्या लाइटात ट्रॉली शेवटच्या क्षणी दिसते. परतीच्या दिवशी अंधाराच्या आत घर गाठता येईल अशाच वेळी हॉटेल सोडा.