मायक्रोसॉफ्ट फॅब्रिक: कोल्हापूरच्या फाउंड्रीत वर्षभर वापरल्यावर

शिरोली एमआयडीसीतल्या एका मध्यम फाउंड्रीत मी एमआयएस, म्हणजे आकडे आणि रिपोर्टचं काम, सांभाळते. ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या ओतीव लोखंडाच्या दोन प्रकारांचं ओतकाम, गिऱ्हाइकं मुख्यतः ट्रॅक्टर आणि पंप बनवणारी. आमच्याकडे मायक्रोसॉफ्ट फॅब्रिक, म्हणजे सगळा डेटा एकत्र आणून त्यावर रिपोर्ट काढायचा प्लॅटफॉर्म, येऊन वर्ष होत आलं. गोकुळ शिरगाव, कागल, हातकणंगल्याकडच्या ओळखीच्या कारखान्यांतून अधूनमधून फोन येतो, "मॅडम, आम्ही पण घ्यावं का?" फोनवर याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगते. चीज चांगली आहे आणि आमचा फायदा झाला. तो झाला सगळ्या खात्यांचा डेटा एका जागी, एकाच नावाने आल्यामुळे. एका जागी आणायचं काम फॅब्रिक करतं, एका नावाने आणायचं काम मात्र कुठलाच प्लॅटफॉर्म करून देत नाही.

आधी आमचा हिशेब टॅलीत, उत्पादन एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये (त्याच्या मागे एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस), भट्टीवरचा हीट लॉग (हीट म्हणजे भट्टीतला एक वितळ) एक्सेलमध्ये आणि स्पेक्ट्रोचे (धातूतले घटक मोजणारं मशीन) रिझल्ट त्या मशीनच्या पीसीवर, असा कारभार होता. महिन्याच्या आढाव्यात रिजेक्शनचे, म्हणजे नाकारलेल्या मालाचे, तीन आकडे यायचे. क्वालिटीवाले नगांवर टक्के काढायचे, प्रॉडक्शनवाले किलोवर आणि अकाउंट्सवाले गिऱ्हाइकाच्या डेबिट नोटवरून (खराब मालाचे पैसे कापल्याचा कागद). तिघंही आपापल्या जागी बरोबर. पण मालक विचारणार, "मग खरं रिजेक्शन किती?" आणि निम्मी मीटिंग त्यातच जाणार.

फॅब्रिक मे 2023 मध्ये जाहीर झालं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून सगळ्यांना रीतसर मिळू लागलं. रिपोर्ट बनवणारं पॉवर बीआय, डेटा आणणाऱ्या पाइपलाइन, कोड लिहायच्या स्पार्कच्या नोटबुक, एसक्यूएलचं वेअरहाउस (डेटाचं कोठार) हे सगळं पूर्वी सुटं सुटं घ्यावं लागायचं; इथे ते एका लॉगिनमध्ये मिळतं. तळाशी वनलेक नावाची एकच साठवण. टेबल कुठल्याही वाटेने येऊ दे, तिथे ते डेल्टा स्वरूपात बसतं, म्हणजे पार्केट फायली आणि सोबत बदलांची नोंद. नोटबुकने लिहिलेलं टेबल एसक्यूएलने वाचता येतं, तेच पॉवर बीआय वाचतं, मध्ये पुन्हा कॉपी काढावी लागत नाही. आमची अर्धी भांडणं कॉपीचीच होती, कोणाच्या एक्सेलमधली आणि कधीची, त्यामुळे याचं मोल आम्हाला लगेच कळलं. आमची कपॅसिटी, म्हणजे विकत घेतलेली संगणकाची ताकद, सेंट्रल इंडिया रीजनमध्ये, म्हणजे पुण्यात आहे. डेटा देशाबाहेर जाणार का, हा मालकांचा पहिला प्रश्न तिथेच मिटला.

एसक्यूएल सर्व्हर जोडणं सोपं. ऑफिसातल्या एका पीसीवर डेटा गेटवे (ऑफिसातला डेटा फॅब्रिकपर्यंत नेणारा प्रोग्राम) बसवला की झालं. गेटवे विंडोजवरच चालतो, दर महिन्याला त्याची नवी आवृत्ती येते आणि शेवटच्या सहा आवृत्त्यांनाच सपोर्ट मिळतो, तेव्हा अपडेटची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. तो पीसी कोणाच्या रोजच्या वापरातला नको, संध्याकाळी जाताना कोणीतरी बंद करून जातं आणि रात्रीचा रिफ्रेश (डेटा ताजा करणं) बोंबलतो. टॅलीसाठी वेगळी वाट काढावी लागते. टॅली एक्सएमएलमध्ये उत्तर देतं, सहसा पोर्ट 9000 वर, आणि टॅली उघडं असून कंपनी लोड असेल तरच. आम्ही पायथनची एक छोटी स्क्रिप्ट लावली. ती रात्री व्हाउचरं मागवते आणि फाइल वनलेकमध्ये टाकते, पुढचं नोटबुक बघते. नुसता आजचा दिवस ओढून भागत नाही. जीएसटीआर-2बी (खरेदीवरच्या जीएसटीचा पोर्टलवरचा तक्ता) 14 तारखेला आला की अकाउंट्सवाले मागच्या महिन्यात दुरुस्त्या करतातच, म्हणून चालू आणि मागचा असे दोन्ही महिने दर वेळी पुन्हा ओढतो.

आता आयटम मास्टर, म्हणजे मालाच्या नावांची यादी. आमच्या एका ब्रॅकेटचंच बघा. टॅलीत त्याचं नाव गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंग नंबरने, शेवटी 'रेव्ह. सी'. उत्पादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅटर्न नंबरने (पॅटर्न म्हणजे साचा बनवायचा नमुना). हीट लॉगमध्ये भट्टीवरचा ऑपरेटर लिहिणार 'छोटा ब्रॅकेट'. एका ठिकाणी ड्रॉइंग नंबरातल्या शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाइप झालेला, जो डोळ्यांना दिसतच नाही. शिवाय टॅलीत विक्री किलोवर, डिस्पॅच नगांवर आणि भट्टीतलं वजन रनर-रायझरसकट (ओतताना वाटांमध्ये उरणारं जादा लोखंड). ही यादी घेऊन मी मोल्डिंगच्या सुपरवायझर काकांकडे बसले, तर ते म्हणाले, "मॅडम, छोटे ब्रॅकेट दोन आहेत. गेल्या पावसाळ्याआधीचा वेगळा, त्याला चार भोकं होती." ही माहिती कुठल्याच सिस्टिममध्ये नव्हती, फक्त काकांच्या डोक्यात होती. शेवटी पॅटर्न नंबर हीच सगळ्यांची किल्ली धरली आणि बाकीची सगळी नावं तिला जोडणारं एक टेबल केलं. नगाचं वजन ड्रॉइंगवरचं न घेता तोललेलं घेतलं. ज्या नावाला जोडी सापडत नाही ते वेगळ्या टेबलात पडतं आणि सकाळी पहिल्यांदा मी तेच बघते. फॅब्रिकचं सगळं तांत्रिक काम एकीकडे आणि हे एक काम एकीकडे, इतका वेळ याला गेला. पण रिजेक्शनचा आकडा एक झाला तो याच टेबलामुळे.

त्यानंतर जे हाती लागलं त्यासाठी तरी हा सगळा खर्च वसूल झाला असं मी मानते. एसजी आयर्नमध्ये लॅडलला (वितळलेलं लोखंड नेणारं भांडं) मॅग्नेशियमची ट्रीटमेंट दिली की घड्याळ सुरू होतं. मॅग्नेशियम उडत जातं, आणि ओतायला दहा-बारा मिनिटांच्या पलीकडे गेलं की शेवटच्या साच्यांत ग्रॅफाइटचे गोळे नीट बनत नाहीत. फाउंड्रीत हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. आमच्या एका हबचं रिजेक्शन मात्र गिऱ्हाइकाच्या मशीन शॉपमधून यायचं, ओतल्यावर कित्येक आठवड्यांनी, आणि ते नेमकं कुठल्या लॅडलचं हे शोधायला कोणाला सवड नसायची. डेबिट नोट टॅलीत, हीट नंबर डिस्पॅचमध्ये, ट्रीटमेंटची वेळ आणि साच्यांचा क्रम हीट लॉगमध्ये. तिन्ही टेबलं हीट नंबरवर जोडली तेव्हा परत आलेले बहुतेक नग लॅडलच्या शेवटच्या साच्यांचे निघाले, आणि तेही जास्त करून अशा दिवसांचे, जेव्हा लाइनवर दोन पॅटर्न एका वेळी लागले होते. पॅटर्न बदलताना मध्ये वेळ जात होता. आता त्या दिवशी लॅडल कमी भरतात. त्या हबच्या डेबिट नोटा जवळपास थांबल्या.

अकाउंट्सला वेगळाच उपयोग झाला. आयकराच्या नियमामुळे (1961 च्या कायद्यातलं 43बी(एच) कलम) सूक्ष्म आणि लघू उद्योगांची देणी लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत द्यावी लागतात, नाहीतर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. कोणाचं बिल कधी मुदतीबाहेर जातंय, याची यादी त्यांना आता रोज सकाळी तयार मिळते.

आता पैशांचं, कारण इथेच जास्त लोक अडकतात. फॅब्रिकमध्ये कपॅसिटी विकत घ्यायची असते: एफ2, एफ4, एफ8 अशी दुप्पट होत जाणारी मापं, थेट एफ2048 पर्यंत. काम एकदम वाढलं तर आपल्या मापापेक्षा जास्त ताकद ते त्या वेळी वापरू देतं आणि तो वापर पुढच्या वेळेवर पसरवतं. रिफ्रेशसारख्या मागे चालणाऱ्या कामांचा वापर 24 तासांवर पसरतो. ही उधारीची वही आहे असं समजा. उधारी 10 मिनिटांच्या कपॅसिटीपलीकडे गेली की रिपोर्टवरची कामं 20 सेकंद उशिरा सुरू होतात, तासाभरापलीकडे गेली की रिपोर्ट चालेनासे होतात, आणि 24 तासांपलीकडे गेली की रिफ्रेशही बंद.

आमचं सुरुवातीचं काम एका कन्सल्टंटने केलं होतं. त्याने सगळं डेटाफ्लो जेन2 मध्ये बांधलं आणि दर अर्ध्या तासाला पूर्ण टेबलं नव्याने ओढायचं शेड्यूल लावलं. डेटाफ्लो माउसने बनवता येतो, कोड लागत नाही, पण अशा कामाला तो कपॅसिटी फार खातो. महिनाअखेरीला मालक गिऱ्हाइकासमोर रिपोर्ट उघडायला बसले आणि रिपोर्ट उघडेना. कन्सल्टंटचं उत्तर एकच, मोठी कपॅसिटी घ्या. आम्ही आधी कपॅसिटी मेट्रिक्स ॲप उघडलं. त्यात मागच्या 14 दिवसांत कुठल्या कामाने किती खाल्लं ते दिसतं, आणि टॅली व हीट लॉगचे डेटाफ्लो सगळ्यात वर होते. ते दोन्ही नोटबुकमध्ये नेले, मोठी टेबलं अख्खी ओढणं बंद केलं आणि भट्टीचं टेबल सोडून बाकी सगळं रात्रीवर टाकलं. त्याच एफ4 वर आज निम्म्याहून जास्त ताकद शिल्लक राहते. कोणी मोठं माप घ्यायला सांगितलं तर सही करण्याआधी ते ॲप त्याच्यासमोर उघडा.

कपॅसिटी पॉज करता येते, पण साचलेली उधारी त्याच क्षणी बिलात धरली जाते, साठवणुकीचे पैसे चालूच राहतात आणि पॉज असताना रिपोर्ट उघडत नाहीत. वर्षाचं रिझर्वेशन घेतलं तर दर सुमारे 40 टक्क्यांनी उतरतो, पण मग पॉज करून काही वाचत नाही. रोज वापर असेल तर रिझर्वेशनच घ्या. आणखी एक खर्च कोटेशनमध्ये बऱ्याचदा दिसत नाही: एफ64 च्या खाली नुसता रिपोर्ट बघणाऱ्यालाही पॉवर बीआय प्रो लायसन्स लागतं, आणि त्याचा दर एप्रिल 2025 मध्ये माणशी महिना 10 डॉलरवरून 14 झाला. आम्ही लायसन्स मोजक्याच लोकांना दिली. पाळीच्या सुपरवायझरांसाठी नोटबुक रोज एक पान तयार करते आणि ते छापून नोटीस बोर्डावर लागतं. त्यांनाही तेच सोयीचं आहे.

दोन बारीक गोष्टी, कामाला बसणाऱ्यांसाठी. नोटबुकने टेबलात लिहिलं तरी लेकहाउसच्या (वनलेकमधल्या टेबलांच्या) एसक्यूएल एंडपॉइंटला, म्हणजे एसक्यूएलने वाचायच्या वाटेला, ते कळायला कधी थोडा वेळ लागतो, म्हणून लगेच पुढची क्वेरी लावली तर जुना आकडा येऊ शकतो. आणि वेअरहाउसचं डीफॉल्ट कोलेशन (अक्षरं जुळवायचा नियम) इंग्रजी अक्षरांचा लहान-मोठेपणा धरतं. तसं नको असेल तर वेअरहाउस तयार करतानाच ठरवावं लागतं, नंतर बदलता येत नाही.

ज्यांचा सगळा व्यवहार टॅलीत आणि चार एक्सेलमध्ये आहे, त्यांना फॅब्रिकची गरज नाही. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, दोन-तीन प्रो लायसन्समध्ये काम होईल. ज्यांच्याकडे एसक्यूएल पक्कं येणारा माणूस आहे आणि महिन्याचा ठरलेला खर्च नको आहे, त्यांनी गूगलचं बिगक्वेरी बघावं. तिथे महिन्याला पहिल्या 1 टेराबाइटपर्यंतच्या क्वेरी आणि 10 जीबी साठवण फुकट आहे, आमच्याएवढा डेटा त्यात सहज बसतो. आम्ही फॅब्रिकवर गेलो कारण पॉवर बीआय लोकांच्या हातात आधीच बसलेलं होतं. उद्या बाहेर पडायची वेळ आली तर टेबलं अडकत नाहीत, डेल्टा 2019 पासून ओपन सोर्स आहे आणि दुसरी साधनंही ते वाचतात. डेटाफ्लो आणि रिपोर्ट मात्र सोबत नेता येत नाहीत, म्हणून नोटबुकचा कोड आणि ते नावांचं टेबल आम्ही गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) ठेवतो.

सध्या विजेचे मीटर जोडायचं चालू आहे. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळायला साधारण 600 युनिट जातात आणि दर दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलतो, त्यामुळे कुठली हीट किती रुपयांना पडली हे कळलं तर पाळ्यांचं वेळापत्रक बदलता येईल. मीटरचं घड्याळ आणि भट्टीवरच्या पीसीचं घड्याळ जुळत नाहीये, तोवर आकडे जोडून उपयोग नाही. या आठवड्यात मेंटेनन्सवाल्यांना घेऊन आधी तेच सरळ करायचं आहे.