टोकियोचं गुड डिझाईन प्रदर्शन: काय बघायचं आणि काय सोडून द्यायचं

ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की रोप्पोंगीच्या टोकियो मिडटाउनमध्ये गुड डिझाईन पुरस्कार मिळालेल्या वस्तूंचं प्रदर्शन भरतं आणि दरवर्षी ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, की जाण्यासारखं आहे का, पोरांना नेलं तर चालतं का, आणि असतं काय तिथे नेमकं. तर माझं मत असं की जरूर जा, पण नवीन काय आलंय ते बघायला म्हणून जाऊ नका, त्यात निराशाच होईल. तिथे बघण्यासारख्या गोष्टी दोनच. एक तर पन्नास-साठ वर्षं झाली तरी विकल्या जाणाऱ्या साध्या वस्तू, आणि दुसरं म्हणजे ज्या वस्तूच नाहीत अशा गोष्टी. मधलं सगळं भरभर चालत बघितलं तरी काही बिघडत नाही.

निशिकासाईवरून, म्हणजे टोकियोतल्या आपल्या भारतीयांच्या वस्तीतून, येणाऱ्यांनी मेट्रोच्या तोझाई लाइनने कायाबाचोला उतरायचं, तिथून हिबिया लाइन पकडली की थेट रोप्पोंगी. मिडटाउनला स्टेशनमधून आतूनच वाट आहे, पाऊस असला तरी छत्री उघडायची गरज नाही. आम्ही गेलो तेव्हा तिकीट वगैरे काही नव्हतं. माहितीचे बोर्ड बहुतेक जपानीत, इंग्रजी असलं तर एक-दोन ओळी, त्यामुळे फोन चार्ज करून न्या, कॅमेरा धरून भाषांतर वाचत वाचत जावं लागतं. वस्तू बऱ्याच ठिकाणी हाताळता येतात, खुर्च्यांवर बसता येतं, हे मात्र छान. शनिवार-रविवार टाळता आला तर बघा.

आता या पुरस्काराबद्दल थोडं, कारण त्याचा शिक्का, तो गोल लाल जी मार्क, आपण पॅकेटवर बघतो आणि वाटतं काहीतरी भारी असणार. 1957 साली जपानच्या व्यापार-उद्योग मंत्रालयाने हे सुरू केलं, आणि कारण काही फार अभिमानाचं नव्हतं. जपानी कंपन्या आमच्या मालाची नक्कल करतात अशी परदेशातून बोंब होती, म्हणून सरकारने ठरवलं की स्वतःचं डिझाईन करणाऱ्यांना शोधून शिक्का द्यायचा. तो शिक्का बनवला युसाकू कामेकुरांनी, तेच ते, 1964 च्या टोकियो ऑलिंपिकचं लाल सूर्यवालं पोस्टर करणारे. 1998 पासून सरकार बाजूला झालं आणि आता जपान इन्स्टिट्यूट ऑफ डिझाईन प्रमोशन हे चालवतं. अर्ज येतात वर्षाला साडेपाच हजारांच्या आसपास आणि पुरस्कार मिळतात दीड हजारांहून जास्त. म्हणजे चारातल्या एकाला मिळतोच की! शिवाय अर्जाची फी, परीक्षणाची फी, वस्तूवर मार्क छापायचा तर त्याचे पैसे वेगळे. यात लपवाछपवी काही नाही, जर्मनीतल्या नामांकित डिझाईन पुरस्कारांचंही फीच्या बाबतीत साधारण असंच असतं, पण शिक्का बघून डोळे झाकून वस्तू घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. शिक्क्याचा अर्थ एवढाच की जाणकार लोकांनी वस्तू तपासली आणि ठीक आहे म्हणाले. तुमच्या स्वयंपाकघरात ती चालेल की नाही हे ते कुठून बघणार.

आमच्याच घरचं बघा. कंपनीचं नाव नाही सांगत, पण पुरस्काराचा स्टिकर असलेला एक कचऱ्याचा डबा आहे आमच्याकडे. दिसायला इतका देखणा की पाहुणे विचारतात कुठून घेतला. उंच, पांढरा, अंगावर एकही रेघ नाही, आत पिशवीची कड अजिबात दिसत नाही. तोंड मात्र एवढं अरुंद की नारळाची करवंटी त्यात जात नाही! मक्याचं कणीस आडवं जात नाही, उभंच खुपसावं लागतं. आणि वर ते झुलणारं झाकण, त्याला आतून गाळलेल्या चहाचा चोथा चिकटतो, मग रोज रात्री ते झाकण पुसत बसा. ज्यांनी बनवलं त्यांच्या घरात ओला कचरा म्हणजे बहुतेक टी-बॅग आणि केळ्याचं साल एवढाच असेल. वस्तू वाईट नाही, ती आपल्या घरासाठी नाही एवढंच.

प्रदर्शनात असं बरंच काही असतं. ऑफिसच्या खुर्च्या (इतक्या खुर्च्या की खरंच कुणी उभं राहून काम करत नाही का जपानात), कॅमेरे, दिवे, एअर प्युरिफायर, अपार्टमेंटच्या बिल्डिंगा, बँकेची ॲप्स, गाड्या. सगळं पांढरं, राखाडी किंवा ते मातकट हिरवं. पहिल्या वीस वस्तूंना वा वा होतं आणि मग डोळे मिटायला लागतात. इथे फार रेंगाळू नका.

थांबायचं ते ग्रँड अवॉर्डपाशी. त्या वर्षीच्या सगळ्यात मोठ्या पुरस्काराची मांडणी नीट केलेली असते, आणि जायच्या आधी मागच्या काही वर्षांची यादी घरी वाचून गेलात तर जास्त मजा येते. 2010 ला डायसनचा पात्याशिवायचा पंखा होता, ठीक आहे, वस्तू आहे, दिसायला चमत्कारिक आहे. 2016 ला मिळाला ऑथाग्राफ नावाच्या जगाच्या नकाशाला, हाजिमे नारुकावा यांनी केलेला. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलँड भारतापेक्षा केवढं तरी मोठं दिसायचं ना, खरं तर भारत त्याच्या दीडपट आहे. या नकाशात देशांची क्षेत्रफळं एकमेकांच्या प्रमाणात जवळपास बरोबर येतात, फक्त सगळं तिरकं तिरकं दिसतं आणि आपला देश शोधायला जरा वेळ लागतो.

पण माझ्या मते सगळ्यात भारी 2018 चा. तो मिळाला ओतेरा ओयात्सु क्लबला, आणि यात वस्तू कुठलीच नाही. इथल्या देवळांत, म्हणजे बौद्ध मंदिरांत, लोक फळं, बिस्किटं, मिठाया आणून ठेवतात, बुद्धापुढे आणि पूर्वजांपुढे. एवढं सगळं मंदिरातल्या लोकांना संपत नाही. दुसरीकडे जपानसारख्या देशात एकट्या आईने वाढवलेली कितीतरी मुलं गरिबीत आहेत, आणि ती बाहेरून दिसत नाहीत कारण कपडे स्वच्छ असतात, कुणी हात पसरत नाही. 2013 मध्ये ओसाकात एक आई आणि तिचं लहान मूल घरात उपासमारीने गेलेलं सापडलं. ते वाचून नारा भागातल्या एका मंदिराच्या भिक्षूंनी देवापुढचा खाऊ खोक्यात भरून अशा घरांना पाठवायला सुरुवात केली, मग इतर मंदिरं जोडली गेली, आणि मधे स्थानिक संस्था घेतल्या ज्यांना कुठल्या घरात गरज आहे ते माहीत असतं. बास. नवीन यंत्र नाही, नवीन इमारत नाही. मंदिर होतं, खाऊ होता, भूक होती, फक्त मधला रस्ता नव्हता तो आखला. आपल्याकडे नैवेद्याचा प्रसाद वाटायची रीत आहेच, त्यामुळे कल्पना ऐकल्यावर आपल्याला फार नवल वाटत नाही. पण मला आवडलं ते हे की डिझाईनच्या परीक्षकांनी हजारो खुर्च्या आणि कॅमेरे बाजूला ठेवून याला पहिला नंबर दिला, आणि घेणाऱ्या बाईला लाज वाटू नये याचा विचार केलाय. देवापुढचं आलंय म्हटल्यावर ती भीक होत नाही, याच्यासाठी वेगळं काही समजवावं लागत नाही.

2022 चाही असाच. नारा जिल्ह्यातल्या इकोमा गावातलं मुलांचं खाऊचं दुकान. तिथे मुलं शंभर येनचं नाणं घालून कॅप्सूलचं मशीन फिरवतात, त्यातून दुकानातच चालणाऱ्या एक ते तीन चिठ्ठ्या निघतात, आणि एका चिठ्ठीवर शंभर येनचा खाऊ किंवा चक्क करी-राइसची प्लेट मिळते. वरचे पैसे तिथे येऊन खाणाऱ्या-पिणाऱ्या मोठ्यांच्या बिलातून निघतात. म्हणजे उपाशी आलेलं पोर आणि नुसतं मजा करायला आलेलं पोर, दोघं एकाच मशीनपुढे उभी, कोण कशासाठी आलंय कुणाला कळत नाही. हे डोकं ज्याने लढवलं त्याला मानलं पाहिजे.

2023 चा चिबामधल्या याचियो गावातल्या वृद्धांच्या डे-केअरला, आर्किटेक्ट केंतारो यामाझाकी. अख्खी इमारत म्हणजे एक लांबच लांब लाकडी पडवी, गावातली पोरं येऊन खेळतात, आजी-आजोबा बसलेले असतात. ज्यांचे आई-वडील पुण्या-सांगलीत एकटे आहेत त्यांनी हे बघताना जरा जपून, घसा दाटतो.

आता जुन्या वस्तू. लाँग लाइफ डिझाईन म्हणून वेगळा पुरस्कार असतो, वर्षानुवर्षं बाजारात टिकलेल्या आणि वापरणाऱ्यांनीच सुचवलेल्या वस्तूंसाठी. याकुल्टची बाटली त्यात आहे. हो, तीच, मुंबई-पुण्यात फ्रीजमध्ये पाच-पाचच्या गठ्ठ्यात असते ती. 1968 ची, इसामू केनमोची नावाच्या फर्निचर डिझायनरने केलेली. कमरेत बारीक आहे ती उगीच नाही, लहान हाताला पकड मिळते आणि घटाघट पिता येत नाही.

जुन्या वस्तूंचा विषय निघाला की माझी लाडकी किक्कोमानची सोया सॉसची बाटली, लाल टोपणाची. 1961 साली डिझायनर केन्जी एकुआन यांनी केली, तीन वर्षं आणि शंभरावर नमुने खर्ची घालून. हे हिरोशिमाचे, भिक्षू व्हायचं शिक्षण घेतलेले, बॉम्बमध्ये बहीण गेली, पुढे शिनकान्सेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, कोमाची गाडीचंही डिझाईन केलं. बाटलीला जी मार्क मिळाला तो थेट 1993 मध्ये, म्हणजे वस्तू आधी तीस वर्षं घराघरात राबली आणि मग शिक्का आला, जो क्रम मला जास्त पटतो. तिच्याकडे जवळून बघा एकदा. टोपणाला दोन बाजूंना दोन चोची आहेत. चोचीचं खालचं ओठ आतल्या बाजूला तिरकं कापलंय, त्यामुळे ओतून सरळ केली की शेवटचा थेंब बाहेर ओघळत नाही, आतच परततो. एका चोचीवर बोट ठेवलं की हवा अडते आणि धार बारीक होते. आपल्या ओट्यावरच्या तेलाच्या बुधलीखाली कायम एक ताटली आणि ताटलीत तेलाचं तळं, हे ज्याने आयुष्यभर पुसलंय त्याला ही बाटली बघून काय वाटेल सांगा. सॉस संपल्यावर मी त्यात तिळाचं तेल भरते, घावन घालताना तव्यावर सोडायला एकदम मस्त. धुवायला मात्र कटकट, मान बारीक असल्यामुळे नेहमीचा ब्रश जात नाही, गरम पाणी आणि थोडे तांदूळ घालून खळखळवायची. सुपरमार्केटमध्ये दोन-तीनशे येनला मिळते, त्यासाठी प्रदर्शनाला जायचीही गरज नाही.

मिडटाउनला आलाच आहात तर मागच्या बागेत 21_21 डिझाईन साइट नावाचं डिझाईनच्या प्रदर्शनांचं दालन आहे, तेही बघून घ्या. आर्किटेक्ट तादाओ आंदोची इमारत, 2007 ची, लोखंडी पत्र्याचं छत कागदासारखं दुमडून जमिनीपर्यंत आणलंय. छताची मूळ कल्पना फॅशन डिझायनर इस्सेई मियाकेंच्या कपड्यांवरून, एकाच सलग कापडातून कपडा करायचा. नऊवारी नेसणाऱ्यांच्या नाती आपण, आपल्याला काय सांगता म्हणा. इथे तिकीट आहे आणि मंगळवारी बंद असतं.

विकत घ्यायचं असेल तर प्रदर्शनात नाही, टोकियो स्टेशनसमोरच्या कित्तेमध्ये जा. जुन्या मध्यवर्ती पोस्ट ऑफिसचा मॉल केलाय 2013 मध्ये, तिसऱ्या मजल्यावर गुड डिझाईन स्टोअर आहे. दुकान लहान, मांडणी सुंदर, विक्रेते मागे मागे फिरत नाहीत हे फार सुखाचं. भेटवस्तूंसाठी उत्तम, विशेषतः भारतात न्यायला ज्या हलक्या आणि न फुटणाऱ्या वस्तू लागतात त्या इथे बऱ्याच. किमती कमी नाहीत, पण बाकी मारुनोउचीच्या, म्हणजे स्टेशनजवळच्या या महागड्या भागाच्या, मानाने बऱ्या. तक्रार एकच, रोज लागणाऱ्या स्वयंपाकाच्या वस्तू कमी आणि टेबलावर ठेवून बघायच्या जास्त. पोरं कंटाळली तर त्याच इमारतीत टोकियो विद्यापीठाचं इंटरमीडियाथेक म्युझियम आहे, फुकट, प्राण्यांचे मोठमोठे सांगाडे आहेत, आमचा मुलगा तिथून निघायलाच तयार नव्हता आणि डिझाईनपेक्षा त्याला तेच लक्षात राहिलंय.

भारतातही याच जी मार्कच्या मदतीने इंडिया डिझाईन मार्क सुरू झाला, 2012 पासून दिला जातो, आपल्याकडे कुणाला फारसा माहीत नाही. त्यांनीही एक लाँग लाइफ विभाग जोरात करावा असं मला फार वाटतं. मिसळणाचा डबा घ्या, सात वाट्या, एक झाकण, एक चमचा, हात न धुता उघडता येतो, मोहरी तडतडायच्या आत जिरं सापडतं. कुणी केला माहीत नाही, त्यामुळे अर्ज कोण भरणार हा प्रश्नच.

जाता जाता एक, भारतात न्यायला विजेवर चालणारं काही घेऊ नका, कितीही गोजिरवाणं दिसलं तरी. इथे 100 व्होल्ट, आपल्याकडे 230. नुसती पिन बदलून भागत नाही, ट्रान्सफॉर्मर लागतो आणि त्याचं वजन वस्तूपेक्षा जास्त. खोक्याच्या मागे 100-240 लिहिलेलं असेल तरच घ्या, आणि ते लिहिलेलं फार बारीक असतं, तेव्हा चष्मा न्या.