७४एचसीटी२४५ : चिप चोख, पण प्रत्येक बोर्डावर नको

८०५१ मायक्रोकंट्रोलरच्या बसवर (डेटा-अ‍ॅड्रेसच्या सामायिक लाइनांवर) दोन-तीन आयसी वाढल्या की लगेच २४५ ही बफर चिप (सिग्नलला जोर देणारी) लावायची सवय अनेकांना असते. चिप भरवशाची आहे. २० पिन, आठ लाइन दोन्ही दिशांना, विलंब १०-१५ नॅनोसेकंदांच्या आसपास. पण बऱ्याच बोर्डांवर ती नुसतीच जागा अडवते.

आधी हिशेब मांडा. ८०५१च्या डेटाशीटमधलं टायमिंग पोर्ट ०वर (डेटा आणि खालचा अ‍ॅड्रेस) १०० आणि पोर्ट २वर (वरचा अ‍ॅड्रेस) ८० पिकोफॅरड लोड धरून दिलेलं असतं. ५७३ लॅच (खालचा अ‍ॅड्रेस धरून ठेवणारी), २७सी२५६ (ईप्रॉम, म्हणजे प्रोग्रॅमची मेमरी), ६२२५६ (रॅम) आणि एक ८२५५ (जादा पोर्टांची चिप) मिळून डेटा लाइनवर साधारण ५०, वर १५ सेंटीमीटर ट्रॅकचे अंदाजे १५. झाले ६५. बफर नको. करंटचीही ओढाताण नाही. पोर्ट ० आठ एलएस टीटीएल (करंट ओढणाऱ्या जुन्या मालिकेचे) इनपुट चालवतो आणि सीमॉस इनपुट जवळजवळ काहीच घेत नाहीत. अ‍ॅड्रेसच्या खालच्या आठ लाइन तर लॅचमधूनच निघतात, त्यांच्यापुढे आणखी २४४ (एकाच दिशेचा बफर) म्हणजे छत्रीवर रेनकोट.

रिबन केबल किंवा चार-पाच कार्डांची बॅकप्लेन आली की मात्र २४५ हवीच, आणि पोर्ट २साठी २४४.

जोडणीत ए बाजू प्रोसेसरकडे ठेवा. आरडी (डेटा वाचायचा सिग्नल) आणि पीसेन (प्रोग्रॅम वाचायचा सिग्नल) अँड गेटमधून पिन १ला, म्हणजे दिशा ठरवणाऱ्या पिनला, द्या. दोघांपैकी कुणीही खाली गेला की डेटा आत येतो. घोळ होतो तो चिप चालू-बंद करणाऱ्या पिन १९वर. ती सरळ ग्राउंड केली आणि ईप्रॉम प्रोसेसरच्याच बाजूला असली, तर पीसेन खाली जाताच ईप्रॉम आणि २४५ एकाच पोर्टवर भांडतात. बोर्ड कधी चालतो, कधी अडकतो, चिप हाताला गरम लागते. पिन १९ला फक्त बाहेरच्या कार्डांचा सिलेक्ट द्या. बाहेर नुसता डेटाच असेल तर पीसेन वगळून एकटा आरडी पिन १ला पुरतो.

दुकानदार एचसीटीऐवजी एचसी मालिकेची चिप पुढे करेल, घेऊ नका. ५ व्होल्टवर तिला ‘१’साठी साडेतीन व्होल्ट लागतात, जुनी ईप्रॉम २.४चीच हमी देते. एचसीटीला २ पुरतात. एसी किंवा एसीटी या जास्त वेगवान मालिका त्याहून वाईट: आठही आउटपुट एकदम पडले की ग्राउंड उसळतो आणि डब्ल्यूआरवर (लिहिण्याच्या सिग्नलवर) खोटा पल्स दिसतो. पिन २० आणि १०च्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरड लावाच, केबलकडच्या लाइनांत ३३ ओम.

डब्ल्यूआर एकटाच बफर करू नका. १२ मेगाहर्ट्झला तो वर गेल्यावर डेटा जेमतेम ३३ नॅनोसेकंद टिकतो, त्यातला निम्मा वेळ २४४चा विलंबच खातो.