बर्डीवरून आणलेला सर्किटचा संच

नागपूरच्या सीताबर्डीवरील एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून मी आठवीतल्या भाचीसाठी नवशिक्यांचा संच आणला. त्यात ब्रेडबोर्ड (भाग नुसते खोचून जोडता येणारी छिद्रांची पाटी), ५५५ टायमर (ठरावीक वेळाने स्पंद देणारी चिप), रेझिस्टर (प्रवाहाला विरोध करणारे), कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे), एलईडी आणि ९ व्होल्टच्या बॅटरीची क्लिप आहे; सोल्डरिंग करावे लागत नाही आणि एवढ्या कमी व्होल्टेजला शॉकची भीती नसल्याने मूल निर्धास्तपणे हात घालू शकते.

टायमरची निवड मला फार योग्य वाटली. १९७२ मध्ये बाजारात आलेली ही आयसी, म्हणजे चिप, ४.५ ते १६ व्होल्टवर चालते, त्यामुळे बॅटरी थोडी उतरली तरी प्रयोग अडत नाही. १ आणि ६८ किलोओहमचे रेझिस्टर व १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडताच लाल एलईडी सेकंदाला साधारण एकदा लुकलुकू लागला आणि भाचीने लगेच विचारले, कपॅसिटर मोठा घेतला तर? वेग मंदावतो, हे तिने स्वतःच करून पाहिले.

पुस्तिका मात्र अपुरी आहे. या ब्रेडबोर्डच्या कडेची, बॅटरीचा पुरवठा नेणारी लाल पट्टी मध्यावर तुटक आहे आणि पुढच्या अर्ध्या भागात वीज पोहोचत नाही, हे तिच्यात कुठेच लिहिलेले नसल्यामुळे आम्ही अर्धा तास चांगली आयसी काढत-घालत बसलो. शेवटी मल्टीमीटर (व्होल्टेज मोजण्याचे उपकरण) लावल्यावर दोष सापडला आणि वायरचा लहानसा तुकडा टाकून काम भागले. रेझिस्टरही सगळे एकाच पिशवीत आहेत. ४७० ओहमचा हवा असेल, तर त्याची किंमत सांगणारे पिवळा, जांभळा, तपकिरी असे पट्टे उजेडात धरून शोधावे लागतात.