जागतिक नागरिकत्व: वेगळी तासिका की आहे त्याच विषयांत?

जागतिक नागरिकत्वाचे शिक्षण म्हणजे मुलांना आपण साऱ्या जगाचे जबाबदार नागरिक आहोत हे शिकवणे. त्यासाठीच्या युनेस्कोच्या 2015 च्या आराखड्यात तीन अंगे आहेत: आकलन, सामाजिक-भावनिक जाण आणि कृती. मुंबईतल्या शाळांनी नववी-दहावीत ती कुठे बसवायची?

वेगळ्या तासिकेत चर्चेला मोकळा वेळ मिळतो, तो मोलाचाच. पण तिला गुण नसतात. दहावीची सराव परीक्षा जवळ आली की पहिला बळी हिचाच, तास गणिताला जातो.

आहे त्याच विषयांत गुंफणे जास्त टिकाऊ. राज्य मंडळाच्या नववीच्या राज्यशास्त्रात संयुक्त राष्ट्रे आहेत, दहावीच्या भूगोलात तर भारत आणि ब्राझील शेजारी शेजारीच. वस्त्यांचा धडा आला की ब्राझीलमधल्या रिओचे फावेला (तिथल्या झोपडपट्ट्या) आणि धारावी तुलनेला घ्या. निकष तीनच ठेवा: पाणी, शौचालय, रोजगार. चार-चार मुलांचे गट करा, दोन तासिका द्या. पहिल्या तासिकेत तक्ता, दुसऱ्या तासिकेत "महापालिकेकडे काय मागाल?" यावर एक पानी अर्ज. दुसरी तासिका गाळली की कृतीचे अंग गळते आणि उरते फक्त पाठांतर; बहुतेक ठिकाणी घोळ इथेच होतो. तो अर्ज अंतर्गत मूल्यमापनात धरा, म्हणजे मुले मनावर घेतात.

वेगळी तासिका हवीच असेल तर आठवीत ठेवा, तिथे बोर्डाचा ताण नसतो.