वाकडला घर शोधलं: ॲपचा पेड प्लॅन, ब्रोकर आणि अंगठा घेणारे दादा

जॉइनिंग हिंजवडी फेज २ ला, मी नागपुरात, हातात तीन आठवडे. कंपनीने पंधरा दिवस गेस्ट हाऊस दिलं होतं, त्यानंतर तुमचं तुम्ही बघा. म्हणून घर शोधायच्या एका ॲपचा पेड प्लॅन घेतला (नाव घेत नाही, कस्टमर केअरवाल्यांशी परत बोलायची इच्छा नाहीये). साडेतीन हजार रुपये, ४५ दिवस, २५ ओनरचे थेट नंबर आणि एक रिलेशनशिप मॅनेजर. पुण्यात ११ महिन्यांच्या ॲग्रीमेंटला ब्रोकर साधारण एका महिन्याचं भाडं घेतो, माझं बजेट २२ हजार, म्हणजे १८ हजार वाचले असं गणित मी आईला अगदी आनंदात सांगितलं होतं.

आता हिशेब ऐका. २१ नंबर उघडले. सात ठिकाणी "ते तर गेलं मॅडम, ॲपवर अजून दिसतंय का?" आठ नंबर सरळ सरळ ब्रोकरचेच, "नो ब्रोकरेज" लिहिलेल्या जाहिरातीखाली, आणि विचारलं की "ओनर माझे मित्र आहेत, माझं थोडंफार बघून घ्या". दोघांनी फोनच उचलला नाही. एक आर्मीवाला. उरले तीन.

तो आर्मीवाला जरा सविस्तर सांगते कारण बाहेरगावाहून येणारेच यात सापडतात. झकास फोटो, वन बीएचके, भाडं फक्त १४ हजार, "माझं पोस्टिंग जम्मूला आहे, घर नुसतं पडून आहे". न मागता आधार कार्ड आणि कँटीन कार्डाचे फोटो पाठवले, जणू मीच त्याची मुलाखत घेत होते. मग म्हणे सोसायटीच्या गेटपाससाठी डिपॉझिटमधले थोडे पैसे आधी टाका, आणि नंतर एक क्यूआर पाठवला की हा स्कॅन करून पिन टाका, आर्मीच्या अकाउंटमधून पैसे तुम्हाला परत येतील. पैसे घ्यायला पिन लागत नाही हो, पिन टाकला की पैसे जातातच. मी ब्लॉक केलं आणि ॲपला रिपोर्ट केलं, चार दिवसांनी बघितलं तर जाहिरात तिथेच, वर "व्हेरिफाइड" चा हिरवा टिक. कोणाचे गेलेच पैसे तर १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लगेच फोन करा, उशीर करू नका.

रिलेशनशिप मॅनेजर रोज सकाळी गुड मॉर्निंग पाठवायचा आणि मी रिजेक्ट केलेलीच घरं परत पाठवायचा. बाकी त्याच्याबद्दल काही नाही.

उरलेली तीन घरं बघायला आई सोबत आली, आणि हे बरं झालं, कारण मी खिडकी, व्ह्यू, वॉर्डरोब बघत होते आणि आई थेट किचनमध्ये जाऊन नळ सोडायची. मारुंजीचं घर नवंकोरं, भाडं १७ हजार, मला तर एकदम आवडलं. आईने नळाच्या तोंडावर नखाने खरवडलं, पांढऱ्या क्षाराची खपली निघाली, ती माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "हे तुझ्या केसांत जाणार." खाली वॉचमनला विचारलं, दादा टँकर किती येतात, तर तो म्हणाला उन्हाळ्यात मोजत नाही आम्ही. नवीन बिल्डिंगा पाइपलाइनच्या आधी उभ्या राहिल्यात तिकडे, आणि टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये, मेंटेनन्स कोणी भरायचा तर "ते बोलू नंतर". आधी बोला, नंतर नाही.

दुसरं बाणेरला. ओनर काकांनी घर दाखवायच्या आधी मलाच तपासलं. एकट्या राहणार? लग्न कधी? मित्र येतात का घरी? नॉनव्हेज? शेवटी म्हणाले फॅमिली असती तर बरं झालं असतं. आई शेजारीच उभी होती, तिला ते बहुतेक फॅमिलीत धरत नव्हते. तिसरं घर ठीक होतं पण बाथरूमची भिंत अख्खी ओल धरलेली.

मधल्या एका रविवारी वैतागून एका ब्रोकरला पण फोन केला. ब्रोकरला शिव्या घालायची पद्धत आहे पण खरं सांगायचं तर त्या माणसाने तीन तासांत सहा घरं दाखवली, चाव्या खिशात, प्रत्येक सोसायटीत ओळख, आणि कुठे पाणी नाही ते स्वतःहून सांगितलं. मला महिन्याचं भाडं द्यायचं नव्हतं म्हणून मी थांबले, पण ज्यांना खरंच वेळ नाहीये त्यांनी तो पर्याय उडवून लावू नका.

घर शेवटी मिळालं ते वाकडच्या कस्पटे वस्तीत. तिसऱ्या घराच्या, म्हणजे त्या ओलीवाल्या बिल्डिंगच्या वॉचमन दादांनी आईला हळूच सांगितलं की समोरच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरचे लोक महिनाअखेर सोडतायत, ओनर चिंचवडला राहतात. दोन हजार घेतले, मागूनच घेतले, मी पण आनंदाने दिले. भाडं २२, डिपॉझिट तीन महिन्यांचं. नागपूरला एवढ्यात अख्खा बंगला आला असता हे आई त्या दिवशी चौथ्यांदा म्हणाली.

ओनर काका माणूस चांगला, पण म्हणाले स्टँप पेपरवर नोटरी करून टाकू, ११ महिन्यांचंच तर आहे. हा गैरसमज पुण्यात सगळीकडे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे हेच आपलं भाड्याचं ॲग्रीमेंट) लेखी आणि रजिस्टर्डच लागतं, ११ महिने असो की एक महिना, आणि रजिस्टर करायची जबाबदारी ओनरची. नाही केलं तर ओनरला पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, वर वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या यात आधी भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. हे मी शांतपणे सांगितलं, काकांनी मुलाला फोन लावला, मुलगा म्हणाला बरोबर आहे बाबा, करून टाका.

आणि इथे मला या सगळ्या प्रकरणातली एकमेव पाच स्टारवाली सर्व्हिस भेटली, घरी येऊन ॲग्रीमेंट रजिस्टर करणारे दादा. सॅकमधून लॅपटॉप, वेबकॅम आणि काडेपेटीएवढं अंगठ्याचं मशीन. चाळीस मिनिटांत काम. काकांचा अंगठा झाला, माझा झाला, साक्षीदार म्हणून आई बसली तर तिचा अंगठा काही लागेना. तीनदा एरर. तीस वर्षं भांडी-धुणी करून रेषा पुसट झाल्यात. मला वाटलं आता दुसरा साक्षीदार शोधा, पण दादा म्हणाले, "काकू, अंगठा केसांवरनं फिरवा दोनदा, मग ठेवा." आईच्या डोक्याला तेल होतंच. चौथ्यांदा झटकन झालं आणि आई अशी खुश की जणू बोर्डात आलीये.

खर्च लिहून ठेवते कारण यातही फसवतात. स्टँप ड्युटी अकरा महिन्यांचं एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के, माझ्या केसमध्ये सहा-सातशे रुपये. महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी १,०००. दादांची फी धरून सगळं २,९००, आम्ही निम्मं निम्मं केलं. तीन दिवसांत रजिस्टर झालेली पीडीएफ आली. पोलीस व्हेरिफिकेशनचं पण त्यांनीच सांगितलं, वाकड-हिंजवडी पुणे शहर पोलिसांकडे येत नाही, २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं आहे, तिकडे भरायचं. ड्राफ्टमध्ये "सोडताना पेंटिंगसाठी एक महिन्याचं भाडं कापणे" अशी एक ओळ होती, ती सही करायच्या आधी दादांनीच बोट ठेवून दाखवली, नाहीतर मी वाचलीच नसती. काकांशी बोलून आठ हजारांवर आणली.

एक राहिलंच, घर बघायला रविवारी जाऊ नका. रविवारी भूमकर चौक दहा मिनिटांत पार होतो आणि तुम्हाला वाटतं वा, ऑफिस किती जवळ. सोमवारी सकाळी नऊला तोच रस्ता पन्नास मिनिटं घेतो.

तर ॲपच्या प्लॅनला एक स्टार, तोही मारुंजीच्या नळासाठी. माझे चार नंबर आणि बारा दिवस अजून शिल्लक आहेत, ऑफिसमधली एक मैत्रीण घर शोधतेय म्हणून तिच्या नावावर करता येतील का विचारलं, तर प्लॅन नॉन-ट्रान्सफरेबल आहे म्हणाले, पण तिला नवीन घेतला तर १० टक्के सूट देतील.